खाली जाणाऱ्या रिकाम्या खुर्च्या

शनिवारी सकाळी, दुबईतल्या एका मॉलमध्ये बांधलेल्या बर्फाच्या उतारावरून विष्णू घाग बसून खाली आले. बसून म्हणजे चक्क बुडावर; एक स्की पायात, दुसरी काखेत, आणि पुढ्यात चोवीस वर्षांची मुलगी. हे असं झालं. आता असं धरून चालायचं की हे झालंच नाही. कारण घागांच्या सावर्ड्याच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो व्हिडिओ आहे, त्यात घाग उभ्याने उतरतात. गुडघे वाकवून, डावीकडे एक, उजवीकडे एक अशी डौलदार वळणं घेत येतात आणि तळाशी बर्फाचा फवारा उडवून थांबतात. चुलतभाऊ गणूने त्याखाली 'वाघ!' असं लिहिलं आहे. ज्याचा पुरावा आहे ते घडलं आणि ज्याची नोंद नाही ते घडलं नाही, हे घाग स्वतःच हमरिया फ्री झोनमधल्या पोलादाच्या यार्डात वर्षानुवर्षं लोकांना शिकवत आले आहेत, कारण ते तिथे सेफ्टी ऑफिसर आहेत. तेव्हा नियमाप्रमाणे ते उभ्यानेच उतरले. तरीही न घडलेली गोष्ट सुरुवातीपासून सांगायला कुणाची हरकत नसावी.

सुरुवात झाली काउंटरवर. छातीवर 'उमैमा' अशी पट्टी लावलेल्या मुलीने घागांचा बुटाचा नंबर विचारला, उंची विचारली, वय विचारलं आणि मग त्याच आवाजात, मान वर न करता विचारलं, "वेट, सर?" तिच्या विचारण्यात काहीही नव्हतं. इस्त्रीवाला 'हँगरवर की घडी?' विचारतो तसं विचारलं तिने. पण घागांच्या मागे रांग होती, रांगेत एक नवं जोडपं होतं, वाढदिवसाची एक अख्खी टोळी होती, आणि शेजारी मुलगी, रिद्धी, उभी होती. घागांनी स्वतःच्या तोंडातून आकडा बाहेर पडताना ऐकला. "एटी फोर." आकडा अगदीच खोटा नव्हता, एके काळी तो खरा होता. रिद्धीचा जन्म झाला त्या वर्षी घाग चौऱ्याऐंशी किलोच होते, आणि दुबईच्या करामा भागातल्या गल्ल्यांमधून तिला खांद्यावर घेऊन फिरताना त्यांना धाप लागत नसे. उमैमाने आकडा टाइप केला, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि बूट धरून ठेवणारा स्कीवरचा चाप पिळायला लागली. हा चाप वजनाप्रमाणे पिळतात, हे रिद्धीने गाडीत समजावून सांगितलं होतं. माणूस पडला की तो आपोआप सुटतो, म्हणजे पाय मोडत नाही. हलक्या माणसाला सैल, जड माणसाला घट्ट. उमैमा सैल करत होती. घाग बघत होते. यार्डात एकदा एका गर्डरवर वजनाची खोटी चिठ्ठी लावलेली सापडली होती तेव्हा याच घागांनी अर्धा दिवस क्रेन बंद ठेवली होती आणि फोरमनला सगळ्यांसमोर विचारलं होतं, की खोटं वजन सांगणारा माणूस स्वतः त्या क्रेनखाली उभा राहील का? तो फोरमन आत्ता इथे नव्हता, एवढंच बरं होतं. "यल्ला, एन्जॉय!" उमैमा म्हणाली. घाग स्की उचलून चालू लागले, आणि अठ्ठावीस किलो माणूस काउंटरवरच राहिला.

हे अठ्ठावीस किलो त्यांच्या डोक्यातून जाईनात. अठ्ठावीस किलो म्हणजे तसं केवढं? आठ-नऊ वर्षांचं एक पोर. ते तिथे बाकावर बसून पाय हलवत असेल, आपल्याला कुणी न्यायला येतंय का बघत. घागांनी एकदा खरोखरच मागे वळून पाहिलं. बाकावर कुणी नव्हतं. पायातले बूट असे होते की जणू दोन्ही पाय सिमेंटात घालून वर सिमेंट वाळेपर्यंत उभं केलंय. निळ्या भाड्याच्या जॅकेटची दोन टोकं पोटावर एकमेकांना भेटायला तयार नव्हती. "ब्रीद इन, बाबा," रिद्धी म्हणाली आणि तिने चेन ओढली. "अजून इन." घागांनी एवढा श्वास आत घेतला की पुढच्या आठवड्यालाही पुरला असता. भोवताली सगळे तसेच निळे होते. बारीक निळे, जाड निळे, रशियन निळे, फिलिपिनो निळे. घागांना ते आवडलं. यार्डातही सगळ्यांना एकच रंगाचा बॉयलर सूट असतो. त्यात कोण कुठला, कोण किती खातो हे कळत नाही.

तर घाग इथे का आले होते? सोमवारी रिद्धी कॅलगरीला जाणार होती. नोकरी, कॅनडा, आता तिकडेच. जाण्याआधी तुला काय हवं, असं तिच्या आईने, मनोरमाबाईंनी, विचारलं होतं आणि उत्तर बांगड्या येईल या हिशोबाने सोनाराला फोनही करून ठेवला होता. रिद्धी म्हणाली, "एक रन. बाबाबरोबर. टॉप नको, मिडल स्टेशनपासून चालेल. दॅट्स इट." मनोरमाबाईंना वाटलं मुलगी चेष्टा करतेय. घागांना तसं वाटलं नाही. कारण रिद्धी शाळेत असताना, सुट्टी शुक्रवारची असायची त्या काळात, ती दर आठवड्याला इथे मैत्रिणींबरोबर शिकायला यायची आणि घाग काचेच्या बाहेर उभे राहायचे. मॉलमधून हा उतार दिसतो. मोठी काच आहे, लोक तिथे उभे राहून आइस्क्रीम खातात आणि आत थंडीत पडणारे लोक बघतात. घागांच्या हातात रिद्धीची बॅग, रिद्धीचा स्वेटर, तिच्या मैत्रिणींच्या बॅगा, तिच्या मैत्रिणींचे स्वेटर. ओळखीचे पालक आले की आपणहून त्यांच्या अंगावर आणखी काही अडकवून जायचे. या सगळ्याखालून एक हात मोकळा ठेवून घाग उताराकडे बघत राहायचे आणि गुलाबी हेल्मेट दिसलं की तो हात हलवायचे. गुलाबी हेल्मेटही हात हलवायचं. दर फेरीला. तो आठवड्यातला सगळ्यात चांगला भाग असायचा, हे घागांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण असं काही सांगायची रीत त्यांच्याकडे नव्हती. मग एका वर्षी ते थांबलं. पोरांचा घोळका यायचा, जायचा, गुलाबी हेल्मेट काही त्यात दिसेना. मुली मोठ्या होतात, बापाची लाज वाटायला लागते, नवं हेल्मेट घेतात. घागांनी कारण शोधून काढलं आणि विषय बंद केला. पण बंद केलेला विषय आतल्या आत गंजत राहतो. यार्डात अशा गोष्टीला ते 'बाहेरून न दिसणारा गंज' म्हणत आणि तो सगळ्यात धोकादायक, असं पोरांना बजावत. तेव्हा आज खाली यायचं होतं. काचेच्या आतल्या बाजूने, तिच्याबरोबर, एकदाच. नाहीतर ती कॅलगरीला जाताना डोक्यात जो बाप घेऊन जाणार होती तो म्हणजे स्वेटर अडकवायची खुंटी.

तयारी त्यांनी गुपचूप केली होती. मनोरमाबाईंना 'ऑडिट आहे' असं सांगून ते हमरियाहून थेट इथे येत आणि लहान मुलांच्या बुटक्या उतारावर गिलगिटच्या रिझवानकडून शिकत. रिझवान उत्साही होता आणि त्याचं अर्धं लक्ष फोनवर असे, कारण तो एक जुनी पजेरो विकायच्या खटपटीत होता. "अंकल, पिझ्झा बनाओ!" तो ओरडे. पुढची टोकं जवळ, मागची टोकं लांब, स्कीचा असा त्रिकोण केला की वेग कमी होतो. त्या त्रिकोणाला हे लोक पिझ्झा म्हणतात. करामातल्या डॉक्टरने घागांना पिझ्झा सक्त मना केला होता, आणि घाग आठवड्यातून दोनदा संध्याकाळी तोच करत होते. एकदा पाचेक वर्षांच्या एका मुलीने मागून येऊन त्यांना शांतपणे सांगितलं होतं, "अंकल, यू आर ब्लॉकिंग." घागांनी 'सॉरी मॅडम' म्हणून बाजूला व्हायचा प्रयत्न केला आणि त्या प्रयत्नात उताराच्या तळापर्यंत गेले; ती त्यांची आजवरची सगळ्यात लांब फेरी होती. घरी आल्यावर मनोरमाबाई म्हणत, "ऑडिटला तुमचे हात एवढे गार कसे पडतात?" घाग म्हणत, "एसी." या देशात एसी म्हटलं की काहीही खपतं.

तारेवर लोंबणाऱ्या, उताराच्या वर नेणाऱ्या खुर्चीतून जाताना बरं वाटलं. पाय लोंबत होते, कुणीतरी नेत होतं, काही करायचं नव्हतं. घागांचं इथलं सगळं आयुष्य साधारण असंच गेलं होतं. कंपनीने तिकीट पाठवलं, कंपनीने व्हिसा काढला, कंपनीने बस पाठवली. वर जायची सोय दुसऱ्या कुणीतरी नेहमी केलेलीच होती. "नर्व्हस?" रिद्धीने विचारलं. "कशाला," घाग म्हणाले, "यार्डात पन्नास मीटरवर चढतो मी." "चढतोस, बाबा. टुडे इज द अदर वे." मधल्या स्टेशनावर खुर्चीने त्यांना सोडलं आणि घाग न पडता उभे राहिले, याचं त्यांनाच एवढं आश्चर्य वाटलं की त्यांनी खाली बघितलं. बघायला नको होतं. काचेतून हा उतार कसा दिसायचा, तर बिल्डिंगच्या पार्किंगचा रॅम्प असतो तसा. वरून तो उतार नव्हताच. कुणीतरी एक पांढरी भिंत उभी करत होतं आणि ती हातातून निसटून थोडीशी कलली, एवढंच. खाली माणसं मुंग्यांएवढी, पण निळ्या मुंग्या.

"रेडी?"

"एक मिनिट. गॉगल नीट करतो."

गॉगल नीट करून झाला. हातमोजे काढून पुन्हा घालून झाले. बाहेर पडायच्या रस्त्याच्या हिरव्या पाट्या कुठे कुठे आहेत ते बघून झालं, आग विझवायचा सिलेंडर आहे का ते बघून झालं, त्याची तारीख उलटलेली नाही हेही. मग त्यांची नजर खुर्च्यांवर गेली. भरलेल्या खुर्च्या वर जात होत्या आणि पलीकडच्या बाजूने त्याच खुर्च्या रिकाम्या खाली येत होत्या. एक गेली. दुसरी गेली. चौघांना बसता येईल एवढी रुंद, गादी असलेली, पट्टा असलेली, रिकामी. घाग पाय फरफटत तिथल्या पोराकडे गेले. तो अंकुर नावाचा डेहराडूनचा जवान मुलगा होता आणि लाल बटणाशेजारी गंभीर चेहऱ्याने उभा होता. "बेटा, ये नीचे जो जा रही है, इसमें कोई बैठ सकता है क्या?"

"नहीं सर. सिर्फ ऊपर के लिए है."

"लेकिन नीचे तो जा ही रही है."

"जा रही है सर. खाली जा रही है. पॉलिसी है. सिर्फ मेडिकल हो तो."

"मेडिकल में क्या क्या आता है?"

अंकुरने पाठ म्हटल्यासारखं सांगितलं, "चेस्ट पेन, प्रेग्नन्सी, फ्रॅक्चर."

"फ्रॅक्चर तो नीचे पहुँच के होगा ना."

"हाँ सर, वो प्रॉब्लेम तो है," अंकुरने मान्य केलं. "आप फीडबॅक में रिक्वेस्ट डाल दीजिए. मॅनेजमेंट देखता है."

प्रेग्नन्सीचा मुद्दा पोटाकडे बघता अगदीच अशक्य नव्हता, पण कागदपत्रं लागली असती. उरलं चेस्ट पेन. घाग त्या एका शब्दाभोवती घिरट्या घालत राहिले. काय लागतं? हात छातीवर, चेहरा थोडा वाकडा, 'जरा गडबड वाटते' एवढं एक वाक्य. छप्पन्न वर्षं, हे वजन; खरं वजन. कुणी शंकाही घेणार नाही, उलट सगळे म्हणतील वाटलंच होतं. खुर्ची थांबवतील, ब्लँकेट देतील, गादीवर बसवून मानाने खाली नेतील. पलीकडे रिकाम्या खुर्च्या येतच होत्या, आणि घागांना एकदम त्यांच्यावर ओळखीची माणसं बसलेली दिसायला लागली. इथे प्रत्येकाची अशी एक खाली जाणारी खुर्ची ठरलेली असते. पुढच्या वर्षी खलास, गाव. बँकेतला पाटणकर दहा वर्षं पुढच्या वर्षी जात होता. घागांची स्वतःची खुर्चीसुद्धा साठाव्या वर्षापाशी येऊन उभी राहणार होती. सावर्ड्याला घराची किल्ली शेजारी ठेवलेली, आंब्याला औषध कुणी मारायचं ते ठरलेलं नाही, मुलगी कॅलगरीत, आणि आपण दोघं त्या ओटीवर बसून नक्की काय करायचं, हे मनोरमाबाईंनी विचारलं की घाग म्हणत, इन्शाल्ला बघू. रात्री त्यांचे पाय पांघरुणाखाली आपोआप हलत. डॉक्टर म्हणाला व्हिटॅमिन कमी आहे. व्हिटॅमिन घेऊनही हलत. आत्ता, स्कीत अडकलेले असूनही ते हलतच होते, आणि हात, तो मोकळा हात, काचेपाशी कायम मोकळा ठेवलेला तो हात, हळूहळू छातीवर येऊन बसला.

"बाबा?"

रिद्धीने गॉगल वर केला होता. तिचा चेहरा घागांनी नीट पाहिला. तो चेहरा त्यांनी आजवर दुसऱ्यांच्या घरांत पाहिला होता, यार्डातल्या एखाद्या माणसाच्या घरी बातमी द्यायला जावं लागलं होतं तेव्हा. "बाबा, आर यू ओके? दुखतंय? बोल ना." हा चेहरा सोमवारी विमानात बसणार, मग तिथे थंडीत उतरणार, आणि रात्री-बेरात्री फोन वाजला की दर वेळी असाच होणार. घागांनी हात छातीवरून काढला. "पाकीट बघत होतो," ते म्हणाले. "आहे."

त्याच खिशात फोन वाजला. मनोरमाबाई काचेबाहेरच्या कॅफेत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे पस्तीस दिरहमचं, म्हणजे आठशे रुपयांचं, गरम चॉकलेट होतं आणि ते इतकं महाग असल्यामुळे त्या ते पीत नव्हत्या, फक्त जपत होत्या. "अहो! दिसलात! किती सुंदर उतरताय हो!"

"मी अजून वरच उभा आहे."

"गप्प बसा, बोलू नका, लक्ष उडेल. मी शूट करतेय."

"अगं पण मी—"

"अगंबाई, वळलात! हात नका सोडू बरं त्या काठ्यांचा!" आणि फोन बंद झाला. घागांनी खाली बघितलं. उताराच्या पलीकडच्या कडेने एक माणूस उतरत होता. निळा, घागांएवढाच रुंद, बहुधा रशियन. वाऱ्यावर चादर हलावी तसा सहज. घाग त्याच्याकडे काही क्षण असूयेने आणि थोड्याशा अभिमानाने बघत राहिले. आपण बरे उतरतोय, असं त्यांना वाटलं.

मग ते निघाले. न निघून करणार काय, मागे अंकुर होता आणि त्याची पॉलिसी होती. पिझ्झा केला. पिझ्झा सरकायला लागला. रिद्धी पुढे उलटी सरकत होती, दोन्ही हात पसरून, चालायला शिकणाऱ्या पोरापुढे आई सरकते तशी. "गुड! लुक ॲट मी, नॉट ॲट द स्नो. गुड, बाबा!" घागांनी तिच्याकडे बघितलं, वळायला म्हणून उजव्या पायावर थोडा भार दिला, आणि खट्. उजवी स्की पायातून सुटली आणि घाग अलगद बसले. पडले म्हणता येणार नाही. काही झालं नाही, म्हणत रिद्धीने स्की पुन्हा चढवली. चार हात सरकले. खट्. ह्या वेळी डावी. पुन्हा चढवली. पुन्हा भार दिला, पुन्हा खट्. आणि घागांना समजलं की काउंटरवर राहिलेलं ते अठ्ठावीस किलोंचं पोर खुर्ची पकडून मागोमाग आलेलं आहे आणि दर वळणावर पाठीवर उडी मारतंय.

"धिस इज सो वियर्ड," रिद्धी चापाकडे वाकून बघत म्हणाली. "एवढं लूझ का केलंय तिने? बाबा, वजन किती सांगितलंस?"

घाग लांब छताकडे बघायला लागले. छताला पाइप होते, त्यांचं काम चांगलं होतं.

"बाबा."

"एटी फोर."

"आणि आहे किती?"

"वन ट्वेल्व्ह. सकाळी, उपाशीपोटी."

रिद्धी त्यांच्याकडे बघत राहिली. "यू आर," ती म्हणाली, "अ सेफ्टी ऑफिसर," आणि पुढचं तिला बोलता येईना. ती हसायला लागली. आधी खांदे हसले, मग काठ्या हसल्या, मग तिचा तोल गेला आणि ती, जिने या उतारावर शाळेची मेडल्स मिळवली होती, धपकन घागांशेजारी बर्फात बसली. घाग आधी रागावायचा विचार करत होते. पण तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि गॉगलच्या आत ते जमत होतं, ते बघून त्यांनाही हसू फुटलं. वरून येणारे निळे लोक त्यांना वळसा घालून जात होते. रिझवान खालून कुठूनतरी एका हाताने फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने त्रिकोण करून दाखवत होता.

हसू ओसरल्यावर दोघं तसेच बसून राहिले. इथून काच समोर दिसत होती. आतून काच दिसते कशी, हे घागांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं. पिवळा उजेड, आइस्क्रीम खाणारे चेहरे, आणि मधोमध मनोरमाबाई, एका हातात फोन, दुसरा हात जोरजोरात हलवत. घागांनी हात वर केला. मनोरमाबाई दुसरीकडे बघत होत्या. रशियन आणखी एक फेरी मारून खाली येत होता आणि बाई त्याला हात करत होत्या. त्या माणसानेही बिचाऱ्याने काठी उंचावून त्यांना हात केला.

"बघ," घाग म्हणाले, "नवरा कुठला तेही कळत नाही तुझ्या आईला."

"तू पण असंच करायचास."

"मी? मी कधी?"

"लहानपणी. यू वेव्ड ॲट द पिंक हेल्मेट."

"तुलाच करायचो ना मग!"

रिद्धीने गॉगल काढून पुसला. "बाबा, माझं हेल्मेट पिंक नव्हतं. नेव्हर. माझं रेंटलचं, ग्रे. पिंक यम्नाचं होतं, तिचं स्वतःचं. कराचीवाली, आमच्या ग्रुपमधली. तिचे पप्पा कधीच यायचे नाहीत तिला बघायला. सो शी वेव्ड बॅक."

बर्फ निळ्या पँटमधून आता जाणवायला लागला होता. एवढ्या वर्षांचे शुक्रवार त्यांच्या आत एकेक करून जागचे सरकत होते, गोदामात वजनाची खोकी एका बाजूला घसरतात तसे. "आणि तू?" त्यांनी विचारलं.

"मी पण करायचे. एव्हरी टाइम. तू यम्नात बिझी असायचास."

"मग ते नंतर थांबलं ते—"

"यम्ना गेली. दे मूव्ड टू अबू धाबी. मोहम्मद बिन झायद सिटी."

"आणि तू?"

"मी कशाला थांबू? मी शेवटपर्यंत केलं. ग्रे दिसत नाही, बाबा, बर्फावर."

"सांगायचंस की एकदा!"

"तू किती हॅपी असायचास." तिने गॉगल पुन्हा चढवला. "अँड यम्ना पण."

खालून रिझवानची शिट्टी आली. वेळ संपत आली होती. भाड्याचा वेळ मोजलेला असतो, संपला की एक बारीक पोर्तुगीज किंवा तसलंच काहीतरी संगीत लागतं. घागांनी आपल्या डाव्या पायाकडे बघितलं, उजवीकडे पडलेल्या स्कीकडे बघितलं, मग उताराकडे. सावर्ड्याला शाळेमागे एक टेकाड होतं. दिवाळीनंतर त्यावरचं गवत वाळून असं गुळगुळीत व्हायचं की गुरंही घसरायची. पोफळीच्या झाडाची विरी गळून पडते, झापाच्या बुडाचा तो रुंद, चामड्यासारखा भाग. तिच्यावर बसायचं, धाकट्या बहिणीला, आशाला, पुढ्यात घ्यायचं आणि पाय सोडायचे. दोघांत जो जाड, तो मागे. जितका जाड तितकी गाडी लांब जायची, त्यामुळे विष्णूला गावात मागणी होती. त्या टेकाडावर कुणी वजन विचारत नसे. ते बघूनच घेत. हे त्यांना एवढ्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं, आणि आता बुडाला थंडी लागल्याबरोबर आठवलं.

"तुझ्या स्की काढ," ते म्हणाले.

"व्हॉट? का?"

"काढ म्हणतो ना. काखेत धर. आणि बस इथे पुढे."

"बाबा, धिस इज नॉट अलाउड."

"मला माहितीये काय अलाउड आहे ते. पंचवीस वर्षं तेच सांगतोय. बस."

ती बसली. घागांनी सुटलेली स्की काखेत मारली, डाव्या पायातली काढायला वाकता येईना म्हणून तशीच राहू दिली, ती हवेत वर धरली, आणि दुसऱ्या टाचेने बर्फ ढकलला. एकदा, दोनदा. मग ढकलावं लागलं नाही. एकशे बारा किलो आधी विचार केल्यासारखे थांबले आणि मग निघाले ते काउंटरवर सांगितलेल्या, न सांगितलेल्या सगळ्या किलोंसह एकत्र निघाले. "बाबाऽऽ!" रिद्धी किंचाळली, आणि ते इंग्रजी नव्हतं. बर्फाचा भुगा तोंडावर आला, डोळ्यांत आला, जॅकेटची चेन पोटावरून फाटकन उघडली आणि पोट थंड हवेत मोकळं झालं. रिझवान धावत होता, "अंकल! पिझ्झा! पिझ्झा!" रिद्धीचं हेल्मेट घागांच्या हनुवटीवर आपटत होतं, राखाडी, भाड्याचं, चरे पडलेलं, त्यावर नंबर होता. इतक्या जवळून ते न ओळखणं शक्यच नव्हतं. शेजारून रशियन गेला, किंवा ते रशियनच्या शेजारून गेले. काच डावीकडून सरकत गेली. घागांनी तिकडे बघितलं नाही. पहिल्यांदाच, उतार सुरू झाल्यापासून, बहुधा त्याच्याही पुष्कळ आधीपासून, त्यांचे पाय हलत नव्हते.

आणि तळ आला. असा लगेच आला की घागांना वाटलं काहीतरी चुकलंय. रबरी कुंपणाला अलगद टेकून दोघं थांबले. रिद्धी हसत होती की काय करत होती ते पाठीवरून कळत नव्हतं. ती काही वेळ उठली नाही, आणि घागांनीही तिला उठ म्हटलं नाही. मग ते संगीत लागलं.

बाहेर मनोरमाबाई लालबुंद होऊन उभ्या होत्या. "काय उतरलात हो! पाठवला पण ग्रुपवर. शेवटी तेवढा तो बसलेला जाड्या मधे आला, पोरीला घेऊन, बाई गं, म्हटलं आता धडकताय त्याला! माणसं तरी कशी असतात, जमत नाही तर यावं कशाला?" रिद्धीने बापाकडे बघितलं. घागांनी जॅकेटची तुटलेली चेन हाताने मिटवून धरली होती. फोन वाजला, सावर्ड्याहून गणूने 'वाघ!'च्या खाली आता विचारलं होतं, 'मागे तो कोण हत्ती घसरतोय?' घागांनी जाड बोटांनी, सावकाश उत्तर टाइप केलं: 'माहीत नाही. कुणी टुरिस्ट असेल.' अशा रीतीने ती गोष्ट घडली नाही.

रिद्धी बाकावर बसून बुटांचे चाप सोडत होती. एकेक चाप, वाकून, डोळ्यांवर केस. बाहेर पडायच्या दाराशी एक स्क्रीन होता, त्यावर एक हसरा चेहरा, एक रडका आणि एक मधला, आणि खाली सूचना लिहायला मोकळी जागा. घाग त्याच्यापुढे उभे राहिले. अंकुर म्हणाला होता, मॅनेजमेंट देखता है. त्यांनी मान तिरकी करून मागे बघितलं. अजून एका पायाचा बूट सुटायचा होता. मग त्यांनी हातमोजा काढला, कीबोर्ड मराठी केला आणि यार्डात ज्या भाषेत पंचवीस वर्षं लिहीत आले, तिचंच मराठी करून लिहायला सुरुवात केली:

मा. व्यवस्थापक साहेब यांस. अर्जदार विष्णू घाग, वजन एकशे बारा किलो (यापूर्वी कळवलेला आकडा रद्द समजावा), आज रोजी आपल्या उतारावरून मुलीसह खाली आला. उताराबाबत तक्रार नाही. कर्मचारी वर्ग सौजन्यशील आहे. तक्रार तळाबाबत आहे. सदर तळ अपेक्षेपेक्षा फारच लवकर येतो, आणि त्याबाबत वर कोठेही सूचनाफलक नाही. तरी सदर तळ सध्याच्या जागेवरून काढून, सुरक्षेचे सर्व नियम पाळून, सोमवारच्या पलीकडे कोठेतरी बसवण्यात यावा, व काम पूर्ण होईपर्यंत उतरत असलेल्या व्यक्तींना आहेत तशाच, वाटेत, बसलेल्या स्थितीत राहू द्यावे, ही नम्र विनंती.